आरएक्स १०० चं इंजिन खोलताना: धुण्याआधी काय बघायचं आणि कुठल्या क्रमानं

सोलापुरात जुनी आरएक्स १०० (यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल) जाम झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, की पुढचा क्रम ठरलेला असतो. गाडी वॉशिंग सेंटरला नेऊन चकाचक करायची, हेड-ब्लॉक उतरवायचा, बोअर मारायचा, म्हणजे सिलिंडरचं भोक थोडं मोठं कापायचं, आणि त्यात बसणारा ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. चार दिवस गाडी मस्त पळते आणि तुळजापूरच्या घाटात परत जाम होते. मग शिव्या पिस्टन बनवणाऱ्याला, नाहीतर बोअरवाल्याला.

मुळात पहिल्यांदा गाडी जाम कशानं झाली हे कुणी बघितलेलंच नसतं. टू-स्ट्रोकमध्ये कारणाच्या खुणा पिस्टनवर, सीलच्या कडेला, गिअर ऑइलच्या रंगात असतात आणि यातल्या बऱ्याचशा धुताना, खरवडताना किंवा घाईनं खोलताना जातात. म्हणून खालच्या क्रमात निम्मं काम पाना लावायच्या आधीचं आहे.

आकडे आरएक्स १०० चे धरलेत, म्हणजे ५० मिमी बोअर आणि ५० मिमी स्ट्रोक. राजदूत किंवा येझदी असेल तर क्रम हाच ठेवा, पण मापं त्या गाडीची घ्या. येझदीत क्लच डावीकडे आणि डायनॅमो उजवीकडे असतो, एवढं लक्षात ठेवून बाजू उलट्या वाचा.

## टप्पा १: इंजिन न खोलता तपासणी

गाडी अजून चालू होत असेल तर आधी धूर आणि आवाज बघा. गरम झाल्यावरही पांढरट-निळा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या टोकाशी हवा-तेल अडवणारं रबर) गेलेलं असण्याची शक्यता मोठी. इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. उलट ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लवकर खाली येत नाही, गाडी आपोआप रेस धरते, तर मॅग्नेटच्या (क्रँकच्या डाव्या टोकाला वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूच्या सीलवर, कार्बोरेटरच्या रबरावर किंवा ब्लॉकखालच्या पॅकिंगवर संशय घ्या. तिथून बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो.

गिअर ऑइल स्वच्छ भांड्यात काढा आणि ओतून देऊ नका. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. पेट्रोलचा वास येत असेल तर तेच क्लचच्या बाजूचं सील. बोटांत चोळून बघा, चकचकीत कण लागले तर गिअर किंवा बेरिंगकडे नंतर नीट बघायचं, तसं लिहून ठेवा.

ऑइल पंप जोडलेला असेल तर पारदर्शक नळीत हवेचे बुडबुडे आहेत का बघा. पंपाची केबल ॲक्सिलरेटरबरोबर हलते का, खुणा जुळतात का, तेही आत्ताच. नंतर पंप टेबलावर आला की ही तपासणी करता येत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा पंप कुणीतरी बंद करून टाकलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. तो तेलाच्या टाकीत तेल भरतो आणि पेट्रोल साधंच टाकतो. अशा गाडीत दुसरं कारण शोधायची गरज नाही.

### हवेची गळती: हीच तपासणी सगळे टाळतात

सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढा. एक्झॉस्टचं तोंड रबराच्या बुचानं घट्ट बंद करा. कार्बोरेटरच्या रबरात दुसरं बूच बसवा आणि त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, आतली पिन काढून, घाला. ऑइल पंपाची नळी चिमट्यानं दाबा. प्लग लावलेला राहू द्या, पिस्टन खाली आणा.

हवा भरायला जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि डायल घ्या. तीनशेपर्यंतचा तो डायल म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि या कामाला तेवढाच दाब हवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, चांगली सीलं बाहेर येतील.

काटा ३०० वर नेऊन थांबा. मिनिटात ५० पेक्षा जास्त उतरला तर गळती नक्की आहे. आता साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा: हेडची कड, ब्लॉकखालचं पॅकिंग, क्रँककेसचा जोड, कार्बोरेटरचं रबर. मॅग्नेटच्या बाजूचं सील रोटरमागे (फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकामागे) असतं, तेव्हा ते रोटर निघाल्यावर परत बघावं लागेल. क्लचच्या बाजूचं सील दिसतच नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरायची झाकणी उघडा, त्या भोकावर साबणाचा पातळ पडदा धरा. पडदा फुगला तर क्रँककेसमधली हवा सीलमधून गिअरबॉक्समध्ये येतेय.

तपासा: काटा स्थिर राहत असेल तर तेही लिहून ठेवा. म्हणजे कारण हवेत नाही, तेलात किंवा जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) आहे.

शेवटी एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारून पिस्टनची पुढची बाजू आणि रिंगा बघा. किक हळूहळू दाबली की रिंगा पोर्टसमोरून जातात. रिंग दाबून परत बाहेर येते का, हे लाकडी काडीनं कळतं.

## टप्पा २: जागा आणि तयारी

बाहेरची धूळ-ग्रीस आता काढा, पण कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून, डिझेल आणि ब्रशनं. पेट्रोलनं धुवू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसच्या वर पारा असताना पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि ठिणगीची वाट बघते. प्रेशर पंपाचं पाणीही नको. मॅग्नेटच्या कव्हरमधून ते आत शिरतं.

पुसायला काय घेता यालाही महत्त्व आहे. आपल्या गावात टॉवेलचे तुकडे किलोवर मिळतात, म्हणून प्रत्येक गॅरेजात तेच. टेरी टॉवेलचा धागा सुटतो आणि तो रीड व्हॉल्व्हच्या (कार्बोरेटरमागच्या झडपेच्या) पातीखाली, बेरिंगच्या गोळ्यांत जाऊन बसतो. बाहेरून पुसायला ठीक आहे. आतल्या कामाला जुनं धोतर किंवा धुऊन मऊ झालेली सुती साडी घ्या.

हत्यारांत नेहमीच्या गोटी आणि रिंग पान्यांशिवाय चार गोष्टी लागतात: इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीनं ठोकलं की फिरणारा स्क्रू ड्रायव्हर), आरएक्सच्या रोटरच्या आट्यात बसणारा मॅग्नेट पुलर, क्लच धरायचं होल्डर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या). व्हर्नियर असावा, पण बोअर मोजायला तो चालत नाही, त्याबद्दल पुढे.

इशारा: कव्हरचे स्टार स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरनं सोडायला जाल तर डोकी गोल होतात. पहिल्या स्क्रूपासूनच इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. सोडण्याआधी प्रत्येक डोक्यावर एकदा सरळ ठोका द्या, गंज तुटतो.

एक पुठ्ठा घ्या, त्यावर दोन्ही कव्हरची आणि क्रँककेसची बाह्यरेषा काढा आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी खोचत जा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला की टोक आत टेकतं किंवा आटे जातात. फोटो काढाच, पण फोटोत स्क्रूची लांबी दिसत नाही.

## टप्पा ३: घट्ट नट इंजिन गाडीवर असतानाच सैल करा

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. आधी इंजिन उतरवून टेबलावर घेतात आणि मग नट सोडायला दोघं जण इंजिन धरून बसतात, तिसरा पान्यावर पाइप लावतो.

क्रम असा ठेवा:

१. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढा. चेन लावलेलीच राहू द्या, गाडी गिअरमध्ये घाला, मागचा ब्रेक दाबायला सांगा आणि स्प्रॉकेट सैल करा. लॉक वॉशर असेल तर आधी त्याची कड सरळ करा.

२. मॅग्नेटचं कव्हर काढून रोटरचा नट सैल करा. क्रँक अडवायला प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडतो. सुती दोरी घाला आणि तिचं एक टोक बाहेर ठेवा. दोरी घालताना पिस्टननं एक्झॉस्ट पोर्ट पूर्ण झाकलेला हवा, नाहीतर दोरी पोर्टच्या कडेत चिरडते. नट सोडताना क्रँक ज्या दिशेला फिरणार, त्या दिशेनं पिस्टन वर येत असला पाहिजे.

३. रोटर पुलरनंच काढा. हातोडीनं कडेला ठोकलं की आतले चुंबक हलतात, क्रँकचं टोक वाकतं. अर्धगोल चावी लगेच डबीत टाका. राजदूत-येझदीसारखी पॉइंटची गाडी असेल तर बेस प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि केसवर एकाच रेषेत खूण करा.

४. उजवं कव्हर काढून प्रायमरी गिअरचा (क्रँकवरचा, क्लचला फिरवणारा गिअर) नट आणि क्लचचा नट सैल करा. प्रायमरी नटासाठी दोरी परत घालावी लागेल, कारण या बाजूनं क्रँक उलट दिशेला फिरतो. क्लच स्प्रिंगचे स्क्रू एका वेळी एक पूर्ण काढू नका, समोरासमोरचे थोडे थोडे सोडत जा. पुश रॉडबरोबर स्टीलची छोटी गोळी असेल, ती ग्रीसला चिकटून राहते आणि तिसऱ्या दिवशी सापडत नाही.

तपासा: रोटर निघालाय, तर मॅग्नेटच्या बाजूच्या सीलची दाब तपासणी आता पुरी करा. सीलभोवती तेलकट काळा ओघळ दिसतो का, तोही फोटोत घ्या.

आता इंजिन उतरवा. यात सांगण्यासारखं फारसं नाही: वायर, केबल, ऑइलची नळी सोडा, नळीच्या तोंडात बोल्ट घाला, माउंटिंगचे बोल्ट काढा.

## टप्पा ४: हेड, ब्लॉक, पिस्टन

हेडचे नट तिरप्या, समोरासमोरच्या क्रमानं, पाव-पाव फेरा सोडा. इंजिन थंड हवं. हेड निघालं की हात आवरा. काजळी खरवडायची नाही, आधी बघायचं.

ब्लॉक वर सरकवताना अर्ध्यावर थांबून क्रँककेसच्या तोंडात कापड भरा आणि मगच पूर्ण काढा. तुटलेला रिंगचा तुकडा किंवा गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेचं) लॉक आत पडलं तर वरचं काम करायला निघालेल्या माणसाला पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

लॉक काढून गजन पिन दाबून बाहेर काढा. अडली तर पिस्टन गरम पाण्यात भिजवलेल्या कापडानं शेका, पिन सरकते. हातोडीनं ठोकलेल्या पिनेनं कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तो दोष नव्या पिस्टनवर एका बाजूला घासल्याच्या खुणेनं दिसतो, तोवर पैसे गेलेले असतात.

### पिस्टन काय सांगतो

पिस्टन उजेडात धरा, एक्झॉस्टची बाजू स्वतःकडे.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि ॲल्युमिनियम पुसल्यासारखं दिसतंय: इंजिन तापलंय. पातळ मिश्रण, हवेची गळती, पुढे गेलेलं टायमिंग (ठिणगी वेळेआधी पडणं) किंवा काजळीनं भरलेला सायलेन्सर.

चारही कोपऱ्यांवर, पिनेच्या दोन्ही अंगांना, सारखे चार पट्टे: पिस्टन आणि बोअरमधली फट कमी ठेवलीय किंवा थंड इंजिनला लगेच रेस दिलीय. नुकत्याच बोअर केलेल्या गाडीत ही खूण दिसली तर बोअरवाल्याशी बोलायचं कारण आहे.

सगळ्या बाजूंनी घासलंय आणि काजळी कोरडी आहे: तेल पोचत नव्हतं. घाट उतरताना गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर बंद ठेवून लांबवर आलं की पेट्रोलात तेल मिसळून चालणाऱ्या गाडीत असं होतं, कारण पेट्रोल थांबलं की तेलही थांबतं.

कार्बोरेटरच्या बाजूचा स्कर्ट राखाडी, निस्तेज, बारीक घासलेला: धूळ आत जातेय. हा पिस्टन आपल्याकडे वरचेवर बघायला मिळतो. अक्कलकोट रोडची धूळ आणि फिल्टर काढून नुसती जाळी लावायची हौस, दोन्ही एकत्र आलं की रिंगा सहज संपतात.

डोक्याला भोक किंवा कडेला उंदरानं कुरतडल्यासारखा भाग: ठोका (मिश्रण स्फोटासारखं भडकणं) किंवा अवेळी ठिणगी. प्लग चुकीच्या हीटचा आहे का, टायमिंग बरोबर आहे का बघा. हल्ली मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ करतं, हेही इथे धरायला हवं. ऊस आपल्याच जिल्ह्यातला असला तरी कार्बोरेटरला त्याचं कौतुक नाही.

हे सगळं लिहून, फोटो काढून झाल्यावर काजळी काढा. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं, स्टीलच्या ब्लेडनं नाही.

## टप्पा ५: मोजमाप

मोजायच्या आधी पिस्टन आणि ब्लॉक एकाच खोलीत रात्रभर ठेवा. वीस अंशांच्या फरकानं ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन साधारण ०.०२ मिमी फुगतो. उन्हात ठेवलेल्या डिकीतून काढून लगेच मोजला तर फटीचा निम्मा हिशेब तिथेच चुकतो.

पिस्टन खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिनेच्या काटकोनात, मायक्रोमीटरनं मोजा. बोअर डायल बोअर गेजनं, वर-मधे-खाली तीन ठिकाणी आणि दोन दिशांना, पोर्टची जागा टाळून. व्हर्नियरच्या आतल्या चोचींनी बोअर मोजणारा माणूस अंदाज सांगतोय असं समजा.

नव्यात फट साधारण ०.०३ ते ०.०४५ मिमी असते. ०.१ मिमीपर्यंत गेली की बोअर. वर-खाली व्यासात ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असला तरी बोअर, मग ओरखडा दिसो न दिसो.

रिंगचा गॅप (दोन टोकांमधली फट) बघायला रिंग एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करा आणि फिलर गेज लावा. नव्या रिंगला साधारण ०.१५ ते ०.३५ मिमी. हे माप बोअरच्या खालच्या, कमी झिजलेल्या भागात घ्या.

हेड जाड काचेवर पालथं ठेवून कडेनं फिलर गेज सरकवा. ०.०३ मिमीची पाती आत गेली तर ४०० आणि मग ६०० चा पॉलिश पेपर काचेवर ठेवून, आठच्या आकड्यासारखं फिरवत हेड सपाट करा. रीड व्हॉल्व्ह उजेडासमोर धरा, पात्यांच्या टोकाला चीर किंवा सुटलेला तुकडा असेल तर पाती बदला.

## टप्पा ६: क्रँककेस उघडावी का?

पिस्टन काढलेला आहे, तर उत्तर आत्ताच मिळतं. रॉड सगळ्यात वर आणा, दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा. थोडीही खडखड लागली तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेरिंग) गेलं, उघडायलाच हवं. आडवं हलणं वेगळं. स्मॉल एंडला (रॉडच्या पिस्टनकडच्या टोकाला) ०.८ ते १ मिमी आडवी हालचाल नव्या क्रँकलाही असते, २ मिमी ही मर्यादा. आडवा रॉड हलवून दाखवत ‘क्रँक गेलाय’ म्हणणाऱ्यांमुळे कितीतरी चांगले क्रँक भंगारात गेलेत.

बिग एंड ठीक, बेरिंग गुळगुळीत, दाबाची तपासणी पास, गिअर निसटत नाहीत: मग क्रँककेस जोडलेलीच राहू द्या. फुल इंजिन करून टाकू असा आग्रह होईल, तो ऐकायची गरज नाही.

उघडायची ठरली तर न्यूट्रल स्विच, गिअर शाफ्ट, उरलेली लॉकं आणि सगळे स्क्रू निघालेत का हे पुठ्ठ्याशी ताडून बघा. केस निघत नाही तेव्हा बहुतेक वेळा एखादा स्क्रू ग्रीसखाली राहिलेला असतो. बेरिंगच्या जागा हीट गनसारख्या हत्यारानं सगळीकडून सारख्या गरम करा, पाण्याचा थेंब चुरचुरला की पुरे. मग पुलर लावून, प्लॅस्टिकच्या हातोडीनं हलके ठोके देत सरळ उघडा.

इशारा: दोन भागांच्या मधे स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तिथे पडलेला एक खाचा म्हणजे कायमची हवेची गळती. क्रँकच्या टोकावर लोखंडी हातोडी तर अजिबात नको. हा क्रँक दाबून जोडलेला असतो, एका ठोक्यानं दोन चाकं एकमेकांवर फिरतात.

केसचे दोन्ही अर्धे भाग कारखान्यात जोडीनं मशीन केलेले असतात. भंगारातला एकच अर्धा आणून बसवला की बेरिंगच्या जागा जुळतीलच असं नाही. इंजिन नंबर केसवर असतो, एमएच १३ चं आरसी बुक त्याच नंबरचं आहे. नंबर घासणं-पुन्हा ठोकणं हा उद्योग कुणी सुचवला तर हात जोडा.

## टप्पा ७: क्रँक, बेरिंग, गिअर

क्रँकच्या बिग एंडला निळसर रंग दिसला तर तेलाविना तापलंय. पावसाळाभर उभी राहिलेल्या गाडीत रोलरवर तपकिरी ठिपके असतात, कारण इथेनॉल ओलावा धरतं आणि ते पाणी क्रँकच्या तळाशी बसतं. ठिपके बोटाला जाणवले की बेरिंग बाद. बिग एंडच्या बाजूची फट फिलर गेजनं ०.२ ते ०.७ मिमीमध्ये हवी.

क्रँक व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेजनं फिरवून बघा, मर्यादा ०.०३ मिमी. रॉड किट टाकून आणलेला क्रँकही हे बघितल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. मागाचे पार्ट करणारे आपले लेथवाले हाताचे पक्के असतात, पण क्रँक दाबून सरळ करणं हे वेगळं काम आहे. ज्याच्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल गेज दिसत नाही, त्याच्याकडे क्रँक टाकू नका.

बेरिंग धुऊन, कोरडं, हातानं फिरवा. दाबाच्या हवेनं गरगर फिरवायची मजा करू नका, गोळ्या आणि पिंजरा दोन्ही खराब होतात. नवीन घेताना क्रँकसाठी सी ३ फटीचं (आत नेहमीपेक्षा थोडी जास्त फट असलेलं) मागा. क्रँकची सीलं काही झालं तरी नवीन. जुनं सील काढण्याआधी त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं आणि ते किती आत बसलं होतं, याचा फोटो घ्या.

गिअरच्या दातांपेक्षा बाजूचे खुंट बघा. त्यांच्या कडा गोल झाल्या की गिअर निसटतो. फोर्कची (गिअर सरकवणाऱ्या काट्याची) टोकं एका बाजूनं निळी-चकचकीत असतील तर तो वाकलाय. बाकी गिअरबॉक्स नीट असेल तर शाफ्टवरचे गिअर सोडवत बसू नका.

## टप्पा ८: यादी आणि बोअर

आता पार्टची यादी करा, आणि प्रत्येक पार्टसमोर तो का गेला ते लिहा. पिस्टनसमोर ‘मॅग्नेटच्या बाजूचं सील, हवा’ असं लिहिता येत नसेल तर टप्पा १ आणि ४ चे फोटो परत काढून बसा. कारण सापडेपर्यंत ब्लॉक बोअरला देऊ नका.

बोअरवाल्याकडे ब्लॉक एकटा पाठवायचा नाही. ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० यांतला जो ओव्हरसाइज बसेल तो पिस्टन आधी विकत घ्या, मोजा आणि ब्लॉकबरोबर द्या. बोअर त्या पिस्टनच्या मापावर मारायचा असतो, डबीवरच्या आकड्यावर नाही. हवी असलेली फट चिठ्ठीवर लिहून द्या आणि पोर्टच्या कडा मोडायला आठवणीनं सांगा. धारदार कडेत रिंग अडकली की नवीन काम पहिल्याच दिवशी संपतं.

ब्लॉक परत आल्यावर बोअरमध्ये होनिंगची (दगडानं घासून शेवटचा हात दिल्याची) बारीक पूड असते, आणि ती डिझेलनं निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घ्या. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा हे काम पाण्याच्या दिवशी ठेवा, दोन-तीन वेळा धुवावं लागतं. वाळवून लगेच टू-स्ट्रोक तेल लावलेलं पांढरं सुती कापड आतून फिरवा. कापडावर करडा डाग येतोय तोवर परत साबण लावा. डाग यायचा थांबला की तेलाचा हात देऊन ब्लॉक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, कारण उघडं बिडाचं बोअर एका रात्रीत तांबूस पडतं.